थोमाचं बोट

बाईंनी चित्रकथेच्या एकतिसाव्या पानावर चष्मा काढून ठेवला. ही त्यांची जुनी सवय. चूक सापडली की तांबडी पेन्सिल नंतर, आधी चष्मा. वाऱ्याने उडून जाईल म्हणून कागदावर वजन ठेवावं तसा तो नेमका चुकीवर ठेवायचा आणि मग उघड्या, बारीक डोळ्यांनी समोरच्याकडे बघायचं. समोर तो होता, कारण पान त्याचं होतं. “हा माणूस बोट नेमकं कुठे घालतोय रे?” त्यांनी विचारलं. त्याने वाकून पाहिलं. थोमा होता. शिष्यांमधला तो एकटा, ज्याने जखमा बघितल्याशिवाय मानणार नाही असं सांगितलं, आणि आठ दिवसांनी ज्याच्यापुढे क्रुसावर खिळून मारलेला गुरू जिवंत उभा राहून हात पसरतो, तो थोमा. दाढी नीट बसली होती, डोळ्यांतलं आश्चर्य बसलं होतं, पुढे आलेलं बोट तर नखासकट झकास उतरलं होतं. आणि त्या बोटासमोर प्रभूचा तळवा होता, नुकताच साबणाने धुऊन पुसल्यासारखा गुळगुळीत. दुसरा तळवाही तसाच. वस्त्र एका अंगाने सारलेलं, आणि बरगडीखाली, जिथे भाल्याची जखम हवी, तिथे कोरा कागद. “नाडी बघतोय म्हणावं तर मनगट धरलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “गुदगुल्या करतोय म्हणावं तर प्रभू हसत नाहीत.” आणि त्या स्वतःच बारीकशा हसल्या. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाचं हसणं ते. लागत नाही, पण घरी गेल्यावरही खिशात सापडतं.

ते सगळे बसायचे ती प्रार्थनाघरामागची लांबट खोली. तीन टेबलं, कागद कापायचं एक यंत्र, भिंतीला टेकलेले पुस्तकांचे गठ्ठे. छपाई दुसरीकडे व्हायची आणि छापखान्याने मंगळवार सांगितला होता. आज शुक्रवार. दोन वर्षांपूर्वी पाळकांनी त्याला या खोलीत आणलं ते एका साध्या हिशेबाने. पाळक म्हणजे उंच, जरासा वाकलेला, चालताना नेहमी स्वतःच्या पुढे चार पावलं असलेला माणूस. त्यांनी पाहिलं होतं की रविवारच्या वर्गाला येणारी मुलं गीतांच्या पुस्तकात उल्कावीर दडवून वाचतात. उल्कावीर म्हणजे निळ्या मुखवट्याचा, इमारतीएवढी उडी मारणारा, दर महिन्याला शहर वाचवणारा सुपरहिरो. दुसरा कुणी असता तर रागावला असता; पाळक वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून सलग तीन अंक वाचत राहिले. मग म्हणाले, मुलांना वरून कुणीतरी येऊन आपल्याला उचलून न्यावं असं वाटतं, यात खोटं काय आहे? भूक खरी आहे. भुकेला नावं ठेवून कुणाचं पोट भरलंय? तेव्हा आपणही चित्रकथा काढायची, तशाच चौकटी, तसाच वेग, आणि त्यासाठी उल्कावीराला बावीस वर्षं शाई लावणारा हातच आणायचा. कंपनी नुकतीच बंद पडली होती, हात रिकामाच होता. तर आज त्या हाताचं पान बघून पाळक आधी मोठ्याने हसले, मग हसता हसता गठ्ठ्यावर बसले. “उडणारे त्यांच्याकडेही आहेत,” ते म्हणाले. “बंद दारातून आत येणारे आहेत. मेलेले परत येणारे तर पैशाला पासरी. शाईवाले, आपल्याकडे वेगळं होतं ते एवढंच होतं.”

मूळ पान त्याने पुठ्ठ्यात बांधून घरी आणलं. शनिवारी सकाळी, बायको कामावर गेल्यावर, खिडकीशी ते तिरपं धरलं. मूळ रेखाटन पेन्सिलीने करणारी मुलगी दुसऱ्या गावी राहायची, पानं टपालाने यायची. त्याचं काम तिच्या पेन्सिलीवर टाकाने आणि कुंचल्याने शाई चढवायची, शाई वाळली की खाली उरलेली पेन्सिल खोडरबराने पुसायची, आणि जिथे काही सांडलं, घसरलं, तिथे पांढऱ्या रंगाचा बोटभर लेप द्यायचा. त्याला वाटत होतं, पोरगी विसरली असेल. पण उन्हात कागद तिरपा झाला आणि तळव्याच्या मधोमध एक खळगा उमटला, शिसं गेलेलं, नुसता दाब राहिलेला. लहानसा, लांबट, एका टोकाला जरा चिरलेला. दुसऱ्या तळव्यावर तसाच. बरगडीखाली एक आडवी फट. पोरीने तिन्ही जखमा काढल्या होत्या, मन लावून, जोर देऊन काढल्या होत्या. आणि त्याने त्यांना शाई लावली नव्हती, पुसून टाकल्या होत्या. त्याला आठवेना. तो दिवस आठवला, खिडकीतली हवा आठवली, रबराचा काळा कीस फुंकर मारून उडवल्याचं आठवलं. जखमा पुसल्याचं आठवेना. हाताने ते काम त्याला न विचारता केलं होतं, झोपेत माशी हाकलावी तसं. त्याला राग आला नाही, लाजही फारशी वाटली नाही. वाटलं ते नवल. आपल्या खांद्यापासून निघालेला, आपल्याच अन्नावर पोसलेला हा हात; आपल्या पाठीमागे तो आणखी काय काय पुसत असतो?

उल्कावीराच्या कचेरीत एक नियम होता, भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण भिंतीपेक्षा पक्का. पान उलटलं की जखम बरी. एका पानावर उल्कावीराची बाही फाटेल, दंडावर तीन तिरप्या रेघा येतील, ओठाच्या कोपऱ्यातून थेंब ओघळेल. पुढच्या पानावर बाही अखंड. संपादक म्हणायचा, कायमचं काही लावून घ्यायचं नाही, नाहीतर पुढच्या दोनशे अंकांत ते काढत बसा. आणि वाचकाला ते आवडायचं. वाचकाला शहर पडलेलं आवडायचं, पूल कोसळलेला आवडायचा, पण तो माणूस पहिल्यासारखा हवा असायचा. महिन्याच्या गठ्ठ्यात पत्रं यायची. कुणी जिन्याच्या खुणेसकट घराचा पत्ता कळवून लिहायचं की बाबा ओरडतात तेव्हा या. कुणी नुसतंच लिहायचं, तुम्ही आहात ना. ही पत्रं वाचताना त्याला देवळात, चर्चमध्ये, कुठल्याही उंच छताखाली माणसं जे पुटपुटतात त्याचा आवाज ऐकू यायचा. एकदा एका बाईचं पत्र आलं, वळणदार, मोठ्या माणसाचं अक्षर. तिने विचारलं होतं की उल्कावीराला लागतं त्यानंतर तो कुठे जातो, आणि त्याची मलमपट्टी कोण करतं. कचेरीभर ते पत्र फिरलं. रेखाटणारा म्हणाला, त्याला कुणी नाही, म्हणून तर तो मुखवटा घालतो. रंगवाला म्हणाला, बाईला स्वतःच करायची असेल. सगळे हसले. तोही हसला. पण दोन पानांच्या मधली ती जागा, जिथे पान उलटताना फक्त अंगठ्याची सावली पडते, तिथे कुणीतरी बसून कुणाची तरी बाही कापतंय, पाणी गरम करतंय, असं त्याला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. त्या पत्राला उत्तर गेलं नाही. उत्तर कुणाला माहीतच नव्हतं.

त्याच्या आईला कदाचित माहीत असतं. आई कपडे दुरुस्त करायची, दुसऱ्यांचे, खिडकीत बसून, आणि टाका लपवायची नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, दिसता कामा नये. आई म्हणायची, दिसलं नाही तर कुणी सांभाळणार नाही, पुन्हा तिथेच फाटेल. सुई वरखाली होताना ती स्वतःशी काहीतरी जुळवायची, कुणी शिकवलेलं नसलेलं, दोन ओळींचं, श्वासाएवढं. त्यातलं एक त्याला पाठ राहिलंय:

फाटलं तिथं टाका, टाक्याला माझी माया,
नवी कुठून आणू बाई, लेकराला काया.

लहानपणी त्याला हे आवडायचं नाही. त्याच्या अंगात आईने टाके घातलेला सदरा असायचा आणि प्रार्थनाघरात समोरच्या भिंतीवरच्या चित्रात प्रभू ढगातून वर जात असायचे, पांढरंशुभ्र वस्त्र, एकही सुरकुती नसलेलं. तो मनात म्हणायचा, यांचा शिंपी वेगळा. ते वर जाणं त्याला फार आवडायचं. गाणं चालू असताना तो टाचा उचलून बघायचा. बाजूला बसलेली आई त्याच्या खांद्यावर हात ठेवायची, आणि टाचा खाली यायच्या.

शनिवारभर तो जखम काढत बसला. हे हसण्यासारखंच होतं. बावीस वर्षांत त्याने हजार माणसं जायबंदी केली होती. पण ती धावपळीतली दुखापत, तीन रेघा, एक थेंब. राहिलेली जखम कशी दिसते? मेलेला माणूस उठला, श्वास आला, रंग आला, भूक लागली, आणि हे तेवढं उरलं. का उरलं, कसं उरलं? रक्त असेल का? आठ दिवस झालेत, खपली असेल? की आरपार उजेड दिसत असेल? पहिली जखम बटणासारखी आली. दुसरी नाण्यासारखी. तिसरी इतकी सुबक झाली की कुणी तळहातावर फूल ठेवलंय असं वाटलं, आणि ती त्याने सगळ्यात आधी फाडली. दुपारी तो खाली सुताराकडे गेला. खिळ्याचं त्याला कळेल, असं त्याला वाटलं. सुताराने सगळं ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली आणि म्हणाला, चित्रकार, खिळा लाकडात भोक पाडतो, माणसात नाही पाडत. माणसाचं मांस जागा भरून काढायला धावतं, शहाणं असतं ते, पण घाईत असतं, म्हणून वेडंवाकडं भरतं. मग त्याने स्वतःचा डावा तळवा उघडून दिव्याखाली धरला. पटाशी घुसली होती, सव्वीस वर्षं झाली. मध्ये खड्डा नव्हता, उलट थोडा उंचवटा होता, फिकट, चकाकणारा, आणि तळव्याच्या सगळ्या रेघा तिथपर्यंत येऊन वळसा घालून पुढे गेल्या होत्या, ओढ्याने दगडाला घालावा तसा. त्याने विचारलं, बघू का नीट? सुतार म्हणाला, बघ की, त्याला काय तिकीट आहे?

बघू का नीट. जिना चढताना त्याला वाटलं, हे तीन शब्द आपण किती सहज उच्चारले. आणि मग, जिन्याच्या वळणावर, ते दुसरं आठवलं, जे सकाळपासून कागदाच्या पलीकडे उभं होतं. आठ महिन्यांपूर्वी बायकोचा उजवा स्तन काढला. गाठ होती, वेळेत कळली, डॉक्टर चांगले होते, सगळं झालं. त्याने काय नव्हतं केलं? खोलीत खुर्चीवर झोपला, सूप गाळून दिलं, नळीतून बाटलीत जमणारं लालसर पाणी दिवसातून दोनदा मोजून लिहून ठेवलं, तिच्या आईला फोनवर खोटं हसून दाखवलं. आणि सहाव्या दिवशी परिचारिका पट्टी काढायला आली, म्हणाली की थांबायचं असेल तर थांबा, तेव्हा तो पाणी आणतो म्हणून बाहेर गेला. टेबलावर पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं. ते तिघांनाही दिसत होतं. परत आला तेव्हा नवी पट्टी झाली होती, गाऊनच्या गुंड्या लागल्या होत्या, आणि बायकोने ते पाणी घेतलं, सगळं प्यायली. घरी आल्यावर ती कपाटाच्या उघड्या दाराआड कपडे बदलू लागली. कपाटाचं दार करकरायचं, त्याने तेल घातलं. आपण तिला जपतोय असं त्याला वाटायचं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून अक्षरं वाचायला लावते, हे दिसतं का, आता बरं की मघाचं बरं; घरी येऊन त्यांच्या नकला करते, न दिसणारं अक्षर दिसतंय म्हणून रेटून सांगणाऱ्या माणसांच्या. आता आता त्याला कळत होतं की त्यातली एक नक्कल त्याची असायची.

संध्याकाळच्या आत त्याने बाईंना फोन केला. विचारलं, शास्त्रात जखमांचं वर्णन कुठे आहे का, रक्त, खपली, काही. बाई म्हणाल्या, काही नाही, शास्त्र चित्रकारांसाठी लिहिलेलं नाही. मग म्हणाल्या की थोमाला लोक उगाच संशयी म्हणतात. बाकीचे दहाजण आधीच बघून बसले होते, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. शाळेत असा एक मुलगा दरवर्षी असायचा, सगळ्यांना कळलं तरी हात वर करून पुन्हा दाखवा म्हणणारा. तोच पुढे लक्षात राहायचा. “आणि एक सांगते,” त्या म्हणाल्या. “त्याने बोट घातलं असं कुठेही लिहिलेलं नाही. सगळे चित्रकार घालून मोकळे होतात. लिहिलंय ते एवढंच, की दाखवलं.” दाखवलं. ज्याने भिंती ओलांडल्या, मरण ओलांडलं, त्याला तळवे तेवढे कोरे करून घेता आले नसते? की घ्यायचे नव्हते? उल्कावीर हे कधी करणार नाही. उल्कावीर ज्यांना वाचवतो त्यांच्यापैकी एकाही माणसाला त्याने बाही वर करून दाखवलेली नाही. म्हणून कुणी त्याला घरी बोलवत नाही, नुसतं खिडकीतून हाका मारतात.

रविवारी तो काम आहे म्हणून उपासनेला गेला नाही. बायको एकटी गेली आणि दुपारी परत आली तेव्हा टेबलावर कागदातून कापलेले अकरा तळवे पसरले होते. ती पर्स न ठेवताच वाकली. “ही काय, बटणं?” तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. बाईंचा चष्मा, पाळकांचं गठ्ठ्यावर बसणं, सुताराचा हात, सगळं. सांगताना त्याचा वेग वाढला, त्याला स्वतःलाच मजा वाटू लागली, थोमाचं सांगताना तर तो उभा राहिला. ती पलंगाच्या कडेवर बसून एकेक बूट काढत ऐकत होती. खिडकीतलं ऊन तिच्या पावलांपर्यंत आलं होतं. पायमोज्याचा वळ घोट्यावर उठला होता, तो तिने अंगठ्याने चोळला आणि विचारलं की थोमाला ते दाखवायला गुरू आपण होऊन आला का? त्याने सांगितलं, आपण होऊनच आला, आठ दिवसांनी. “नाही,” ती म्हणाली. “थोमाने आधी मागितलं होतं. बघायचंय म्हणाला होता. तू कुठे म्हणालास?”

तिचा आवाज चढला नव्हता. ती सांगू लागली, बूट जोडीने नीट लावत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी. आठ महिने तो तिच्या मानेपर्यंतच बघतो. मिठीत घेताना खांदा असा वळवतो की तिची उजवी बाजू हवेत राहते. आधी तिला वाटलं किळस असेल. मग वाटलं भीती असेल. भीती असती तरी तिने समजून घेतलं असतं, तिलाही वाटली होती. पहिल्यांदा न्हाणीघराच्या आरशात बघितलं तेव्हा ती एकटी होती, नळ सोडून ठेवला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पण तीन महिन्यांपूर्वी तिने त्याची चित्रांची वही बघितली. त्याला कुठलं पान ते लगेच कळलं. खुर्चीत झोपलेली ती, मांडीवर उघडं मासिक, संध्याकाळचा उजेड. त्याने पंधरा मिनिटांत काढलेलं, त्याला आवडलेलं. आणि त्या चित्रात ती अख्खी होती. दोन्ही बाजूंनी सारखी, ब्लाउजच्या चुण्यांसकट. त्याने समोर बघून काढलं होतं, शपथेवर, एकही रेघ मनची नव्हती; आणि तरी हाताने न विचारता भरून टाकलं होतं.

“त्या वहीत तू मला दुरुस्त केलंस,” ती म्हणाली. “मी काय घसरलेली रेघ आहे?”

खाली सुताराचा रंधा चालत होता, थांबला, पुन्हा चालू झाला. क्षमा मागावी असं त्याला वाटलं आणि त्याच क्षणी वाटलं की क्षमा म्हणजे आणखी एक पांढरा लेप. ती माफ करेल, दोघं चहा घेतील, पान उलटेल. त्याने क्षमा मागितली नाही. मग त्याने विचारलं, बघू का. आवाज सुतारापाशी निघाला होता तसा सहज निघाला नाही.

“पानासाठी?” तिने विचारलं. “पानासाठी असेल तर त्या सुताराकडे जा. तिथे फुकट आहे.”

“पानासाठी नाही.”

“मग कशासाठी? दया आली?”

तो खरंच विचार करू लागला. तिच्या प्रश्नांना विचार करून उत्तर द्यायची त्याची सवय सुटली होती, ते तिलाही जाणवलं असावं, कारण ती थांबली, मान थोडी कलती करून. दया नव्हती. प्रायश्चित्तही नव्हतं, निदान एवढंच नव्हतं. काल दिवसभर जे त्याला कागदापाशी बसवून होतं तेच होतं, फक्त आता त्याला कागद लागत नव्हता. “मला माहीत नाही ते कसं आहे,” तो म्हणाला. “तुझं आहे आणि मला माहीत नाही.”

ती कपाटाकडे गेली नाही. बसल्या जागी, उन्हात, वरून खाली एकेक गुंडी काढली, दुकानात चष्म्याची घडी उघडते तशा सरावाच्या बोटांनी, आणि सदरा खांद्यावरून मागे सोडून दिला. तो जमिनीवर बसला, म्हणजे डोळे बरोबर उंचीवर आले. भोक नव्हतं. त्याने आठ महिने मनात जे झाकून ठेवलं होतं ते भोक होतं, विहिरीसारखं काहीतरी, ज्यात बघितलं की तोल जाईल. इथे एक रेघ होती. काखेखालून निघून छातीच्या मध्याकडे उतरत गेलेली, सरळ नव्हे, मधे एकदा मन बदलल्यासारखी वाकलेली. तिच्या दोन्ही कडांना टाक्यांचे ठिपके, समोरासमोर, काही जोड्या चुकलेल्या. रेघेभोवतीचं कातडं पुन्हा पुन्हा खोडलेल्या कागदासारखं पातळ, चकाकतं, आणि त्याखाली बरगड्या जवळ आलेल्या, आणि बरगड्यांच्या आत काहीतरी धडधडत होतं ते इथे बाहेरून दिसत होतं. आधी ते कधी दिसलं नव्हतं. काखेच्या टोकाला कातड्याची एक छोटी चुणी राहिली होती, पत्राचा कोपरा दुमडावा तशी. ही का ठेवली, त्याने विचारलं. ती म्हणाली, उरली, डॉक्टरांनाही सगळं मापात बसत नाही. तो हसला. ती हसली नाही, पण पोट हललं.

पुढे पान छापायला गेलं तेव्हा त्यावर त्याने सुताराचा तळवा काढला होता, वळसा घालणाऱ्या रेघांसकट, आणि कुशीतली जखम वस्त्राच्या सावलीत ठेवली होती. पाळकांनी विचारलं, ही का नाही दिसत, तर तो म्हणाला की ती थोमाला दिसतेय, तेवढं पुरे. पण हे मंगळवारचं. रविवारी दुपारी त्याला पानाची आठवणही नव्हती. त्याला प्रश्न पडत होते आणि तो ते एकामागून एक विचारत होता, लहानपणी विचारले असतील तसे. दुखतं का? थंडीत ओढतं. हात वर जातो का? इथपर्यंत, तिने उचलून दाखवला, कानापर्यंत, मग चावतं. खाज येते? येते, आणि गंमत म्हणजे जे नाही त्याला येते, जिथे आता हवा आहे तिथे. हे त्याला फार नवलाचं वाटलं. तिलाही, सांगताना, ते नवलाचं वाटू लागलं असावं. इतके दिवस ते नुसतं तिचं होतं. ती म्हणाली, आणखी एक आहे, डॉक्टर म्हणाले नसा चुकीच्या जोडल्या जातात कधी कधी; या इथे हात लावला की पाठीवर कळतं. खोटं, तो म्हणाला. लावून बघ, ती म्हणाली.

त्याने बोट पुढे केलं. मधेच थांबलं ते, एक बोटभर अंतरावर. मग टेकलं. कातडं गरम होतं, उन्हामुळे, आणि त्याला वाटलं होतं त्याहून मऊ. तिने डोळे मिटले आणि डावा हात मागे नेऊन पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली एक जागा दाखवली. इथे. त्याने बोट अर्धा इंच सरकवलं. आता दंडावर. पुन्हा सरकवलं. आता मानेत, गुदगुल्या होतात, नको तिथे. तो रेघेच्या कडेकडेने जात राहिला आणि ती मिटल्या डोळ्यांनी आपल्याच अंगावरच्या लांबलांबच्या जागा दाखवत राहिली, जणू कुणी अनोळखी गावात पत्ते सांगतंय, आणि प्रत्येक पत्ता चुकीचा आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी घरी आहे. मग तो त्या वाकलेल्या जागेशी आला. बोट ठेवलं. तिचा हात कुठेच गेला नाही. त्याने पूर्ण तळवा ठेवला.

“आता?” त्याने विचारलं.

ती थांबली, शोधल्यासारखी, पाठीत, दंडात, मानेत. “काही कळत नाही तिथे,” ती म्हणाली. “पण काढू नकोस.”